सत्तर मिनिटांची रात्र

“सांबारवड्या खाली आणि त्यावर या विमानवाल्यांची ती पेटी! भुगा होणार, नुसता भुगा,” माझ्या उजव्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं. “रोज सांगते, डबा वर ठेवा रे. रोज मुंडी हलवतात.”

त्या चाफलेबाई होत्या. दोन पट्टे खांद्यांवरून, एक कमरेवरून, मानेला मऊ कॉलर, अशा थाटात त्या खुर्चीला बांधलेल्या होत्या. त्यामुळे तक्रार माझ्याकडे बघून करता येत नव्हती, छताला उद्देशून चालली होती. माझ्या डाव्या हाताला माझी मोठी बहीण शुभाताई, डोळे मिटून. नागपूर ते ह्यूस्टन, संध्याकाळी साडेसहाचं उड्डाण. साठ खुर्च्या. त्यांतल्या चाळीसेक खुर्च्यांत पंचावन्न ते सत्तर वयाच्या बायका, आणि प्रत्येकीचा एकेक डबा सामानाच्या कप्प्यात, बहुतेकींच्या डब्यात कोथिंबिरीचं सारण भरलेल्या त्याच सांबारवड्या.

“तुम्ही नवीन दिसता,” चाफलेबाईंनी छताला विचारलं. “मुलीकडे की सुनेकडे?”

“भाचीकडे. ही माझी बहीण, ती रोज असते. मी आपली एका दिवसापुरती.”

“एका दिवसापुरती?” बाई खुदकन हसल्या. “अगंबाई, म्हणजे खरंच भेटायला!”

पुढच्या रांगेत खसखस पिकली. मागून कुणीतरी “नशीब हो एकेकीचं” म्हणालं. शुभाताई हसली नाही. डोळे न उघडता तिने हात लांबवला आणि माझं मंगळसूत्र ब्लाउजच्या आत सारलं.

“वर गेलं की तरंगतं,” ती म्हणाली. “दाताला लागतं.”

मी तिकिटं काढून देते. धरमपेठेत माझं दुकान आहे. बारावीपुढे शाळा-कॉलेज झालं नाही, पण पृथ्वीचा गोल आणि विमानांची वेळापत्रकं यांच्याशी पंचवीस वर्षं संसार केलाय. नवऱ्याशी केला त्याहून जास्त बोलून केलाय. पूर्वी नागपूरहून ह्यूस्टनला पोचायला सव्वीस-सत्तावीस तास लागायचे. मध्ये दोन विमानतळ, दोन्हीकडे बाकड्यावर पाय वर घेऊन बसायचं, आणि पोचेपर्यंत घोटे बटाट्याएवढे.

भाऊजी, म्हणजे शुभाताईचे यजमान विलासराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. एकदा त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मला समजावलं, की वाट पश्चिमेकडून जाते, अरबस्तान, युरोप, मग समुद्र. मी स्वयंपाकघरातून पपनस आणलं. एक टाचणी नागपूर, दुसरी टाचणी ह्यूस्टन, आणि मध्ये दोरा ताणून धरला. दोरा आपोआप वर सरकला आणि देठाच्या अगदी जवळून गेला. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. गोल वस्तूवर दोन ठिकाणांमधली सगळ्यात जवळची वाट ताणलेला दोरा स्वतःच शोधून काढतो. चौदा हजार तीनशे किलोमीटर. भाऊजींनी पपनस दोन-तीनदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “हे फळ पूर्ण गोल नाही.” मग ते सोलून खाल्लं.

अंतर अजून तेवढंच आहे. कमी झाला तो वेळ. साधं विमान हवेत पोहतं आणि हवाच त्याला अडवत राहते. ही नवी विमानं आधी साध्या इंजिनावर पंधरा किलोमीटर चढतात, कारण जमिनीजवळ आवाजाचा वेग ओलांडला तर खालच्या गावांतल्या काचा राहणार नाहीत. मग रॉकेट पेटतं आणि काही मिनिटांत विमानाला हवा जवळजवळ संपते तिथे भिरकावून देतं. पुढे इंजिन बंद. तळ्यावर चपटा दगड तिरका फेकला की तो जसा टप्पे घेत जातो, तसं हे विमान वातावरणाच्या पातळ थरावर पोट टेकवतं, उसळतं, पुन्हा टेकवतं. ताशी वीस हजार किलोमीटर. पोटाखालचं कवच लालबुंद होतं. आतल्या बायका एकदा कणकेच्या गोळ्यासारख्या दाबल्या जातात आणि एकदा पिसासारख्या सुटतात. असे पाच टप्पे. सत्तर मिनिटं.

कंपनीने त्याला काहीतरी संस्कृत नाव दिलंय. नागपूरकरांनी पहिल्याच महिन्यात त्याला ‘चपटी’ करून टाकलं. आमच्याकडे चपटी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे वेगळीच बाटली येते, त्यामुळे “माझी आई रोज संध्याकाळी चपटी घेते” हा विनोद शहरातल्या प्रत्येक जावयाने निदान एकदा केलाय.

हे यंत्र बनवणारे फार हुशार असणार. लाल होऊनही न वितळणारं कवच त्यांनी शोधलं. प्रवासाचे पंचवीस तास वाचवले. त्या वाचलेल्या तासांचं लोक काय करतील, एवढंच कुणी शोधलं नाही. लोकांनी ते तास आयांच्या अंगावर घातले.

त्याचं असं झालं. तिकडे मूल सांभाळायला माणूस मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. सानिकाच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, कंपनीने नोकरदारांसाठी कुटुंब-पास काढला. कर्मचाऱ्याच्या एका आप्ताला रोज येण्याजाण्याची सोय. आप्त म्हणजे कोण, ते कुणाला विचारावंसुद्धा लागलं नाही. हिवाळ्यात दोन्ही शहरांच्या घड्याळांत साडेअकरा तासांचा फरक. इथून संध्याकाळी साडेसहाला निघालं की तिथे सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. दिवसभर नात सांभाळायची, स्वयंपाक करायचा, कपड्यांच्या घड्या घालायच्या. तिथून संध्याकाळी साडेपाचला निघालं की इथे पहाटे सहा-दहा. भाऊजींचा सातचा चहा चुकत नाही.

भाऊजींनी हे सगळं चौकटी आखून कागदावर मांडलं होतं. धरणातून पाणी कधी सोडायचं याचा तक्ता असतो तसा. “बघ,” ते मला अभिमानाने म्हणाले होते, “एक तासही वाया जात नाही.” मी विचारलं, यात झोपेची चौकट कुठाय? त्यांनी तक्ता उलटून मागचीही बाजू पाहिली. मग म्हणाले, “दुपारी पडते की ती जरा. आणि प्रवास म्हणशील तर तासाभराचं तर आहे!”

तासाभराचं तर आहे. या वाक्याचा मला इतका तिटकारा आला आहे, की दुकानात कुणी ते म्हटलं तर मी तिकिटावर मुद्दाम मधली सीट देते.

डोळ्यांच्या मागे, मेंदूत, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असं एक घड्याळ असतं. उजेड बघून ते आपली वेळ लावून घेतं. सरकवायला गेलं तर दिवसाला फार तर तासभर सरकतं, त्याहून घाई त्याला जमत नाही. जुन्या प्रवासात ते बिचारं आठ-दहा दिवस धडपडायचं, पण जुळवून घ्यायचं, कारण माणूस पोचला की सहा महिने तिथेच राहायचा. शुभाताईचं घड्याळ दोन वर्षं नागपूरचा दिवस बघतंय आणि तो संपला की ह्यूस्टनचा दिवस बघतंय. शनिवार-रविवारी कुठे दोन तास सरकतं, तर सोमवारी पुन्हा मोडतं. रात्र त्याला दिसते ती या खुर्चीतून, खिडकीबाहेर, ध्रुवाच्या वर. सत्तर मिनिटांची एक जाताना आणि सत्तर मिनिटांची एक येताना. तेवढ्यातही पाच वेळा कणीक मळल्यासारखं दाबून उठवतात.

आणि यात माझा हात नाही असं नाही. तिकडची तपासणी आता आपल्याच विमानतळावर होते. काचेच्या खोलीत एक यंत्र असतं. ते शुद्ध पुस्तकी मराठीत विचारतं, “प्रवासाचे प्रयोजन सांगावे. भेट किंवा काम.” या बायकांचा परवाना भेटीचा. कामाचा नाही. कामठीच्या एका बाईंनी गमतीत ‘काम’ म्हटलं, तर पास तिथल्या तिथे रद्द झाला आणि वर पाच वर्षं बंदी. म्हणून मी दुकानात बायकांना बसवून शिकवते, “एकच शब्द. भेट. पुढे-मागे काही नाही.” त्या माझ्यासमोर रामरक्षेसारखं म्हणून दाखवतात. भेट, भेट, भेट. वर्षातून अडीचशे वेळा भेट. इतकी भेट तर जुळी भावंडंही घेत नसतील एकमेकांची.

मी आज ताईबरोबर निघाले होते, कारण सानिकाचा फोन आला होता. ताईच्या पासाची मुदत उद्या संपत होती. सानिकाला जूनमध्ये दुसरं मूल होणार होतं. पास आणखी तीन वर्षांसाठी वाढवायचा होता. “आई नाही म्हणत नाहीये गं मावशी,” ती म्हणाली, “पण हो पण म्हणत नाहीये. तू एकदा ये, आमचं सगळं बघ आणि तिला समजाव. तुझं ऐकते ती.”

ह्यूस्टनला घरी पोचलो तेव्हा सानिका दारातच बूट घालून उभी होती. “मावशी! किती छान वाटतंय! संध्याकाळी बोलू हं निवांत. आई, रेवाचं नाक गळतंय, औषध टेबलावर, कपडे मशीनमध्ये आहेत, आणि ते मागच्या वेळेसारखं नको, मशीन लावून विसरलीस ते.” असं म्हणत तिने आईच्या हातातला डबा घेतला आणि रेवाचा हात त्या हातात दिला. गाडी गेलीसुद्धा.

ताई आत शिरली आणि भिंतीवरचं बटण खाली दाबलं. दिवा लागला नाही. मग वर केलं.

“इकडे वर केलं की लागतो,” ती म्हणाली. “आपल्याकडे खाली. पूर्वी जाग आली की हाताने बटण चाचपायचे, त्यावरून कळायचं कुठल्या घरात आहे. हल्ली हात दोन्हीकडे चुकतो.” हे तिने असं सांगितलं, जसं कुणी भाजीत मीठ कमी पडलं म्हणून सांगावं.

मला तिची सानिकाच्या पहिल्या बाळंतपणाची वारी आठवली. तेव्हा सत्तावीस तास होते. महिनाभर आधीपासून डिंकाचे लाडू, सगळ्या नातेवाइकांकडे जेवणं, निघताना हातावर दही. तिथे पोचल्यावर जावई, अद्वैत, विमानतळावर फुलं घेऊन. सानिका आठ दिवस तिला पाण्याचा पेला उचलू देत नव्हती. “आई, तू किती लांबून आलीस!” लांबून येणाऱ्याला पाट मिळतो, रोज येणाऱ्याला केरसुणी. चौदा हजार किलोमीटरला तेव्हा निदान काही किंमत होती.

दुपारी ताई भांडी आवरत होती तेव्हा रेवा माझ्याबरोबर भातुकली खेळली. वय वर्षं चार. “मी आजी होते,” तिने जाहीर केलं. मग ती खोलीबाहेर गेली, दारातून आत आली, बूट काढले, हात धुतल्यासारखं केलं आणि माझ्याकडे न बघता जमिनीवरचे ठोकळे भराभर वेचायला लागली.

“अगं, पण आजी गोष्ट नाही का सांगत?”

“सांगते.” तिने ठोकळे मोजत उत्तर दिलं. “पण आजीला मध्येच झोप येते. राजा निघतो, पण पोचतच नाही.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

सानिका साडेतीनला घाईघाईने आली. पोरगी दुष्ट नाही, हे मी शपथेवर सांगेन. डोळ्यांखाली तिच्याही काळं होतं. पोटावर हात ठेवून ती सोफ्यावर टेकली आणि अर्ज उघडून माझ्यापुढे धरला.

“सगळं भरलंय. उद्या नागपूरला यंत्रासमोर उभं राहून फक्त भेट म्हणायचं, की तीन वर्षं बघायला नको. तू बोललीस ना आईशी?”

“तू बोललीस?”

“मी काय बोलणार? आईला किती आवडतं रेवाबरोबर, तू बघितलंसच.”

“तिला विचारलंस का, आवडतं का म्हणून?”

सानिका खरोखर गोंधळली. “आईला काय विचारायचं?”

मी अर्ज बाजूला ठेवला. “बरं, ते राहू दे. तूच ये ना एखाद्या रविवारी रेवाला घेऊन नागपूरला. दोन वर्षांत एकदा आलीस. वाट तर तीच आहे, इकडून तिकडे तेवढीच, तिकडून इकडे तेवढीच.”

“मावशी, निवांत असा रविवार एकच मिळतो गं,” ती कळवळून म्हणाली. “आणि तुला कल्पना नाही, त्या प्रवासाने काय थकायला होतं! दोन दिवस डोकं जड राहतं माझं.”

ती हे बोलत होती तेव्हा ताई आमच्यामागे उभी राहून रेवाच्या फ्रॉकला बटण लावत होती. सुई क्षणभर थांबली. सानिकाने वर पाहिलं, मी खाली पाहिलं. आमच्या घराण्यात अशा वेळी चहा टाकतात. ताईने टाकला.

सकाळी सातला आम्ही नागपूरच्या घरी पोचलो तेव्हा भाऊजी पेपर घेऊन डायनिंग टेबलाशी बसले होते. रिकामा कप त्यांच्यासमोर उलटा घालून ठेवलेला. चहाच्या डब्यापासून त्यांची खुर्ची चार फुटांवर आहे. अंतरांचा धंदा करते म्हणून सांगते, हे चार फूट जगात अजून कुणालाही कमी करता आलेले नाहीत.

“काय मग मंजू, कसं वाटलं? आहे की नाही मजा! संध्याकाळी गेलीस, सकाळी परत.”

“भाऊजी, ताईला बरं नाहीये.”

“ॲसिडिटी असेल. तिला सांगतो मी, जेवणं वेळेवर कर.”

“कुठल्या वेळेवर?”

ते पेपरात शिरले.

दहा वाजता करिश्मा आली. करिश्मा ताईकडे धुणंभांडी करते, अकरा वर्षं झाली. ताई सोफ्यावर मेथी निवडताना बसल्या बसल्या झोपली होती. हातात जुडी, मांडीवर पेपर, मान एका बाजूला. करिश्माने जुडी हळूच काढून घेतली.

“उठवू नोका मंजूताई,” ती कुजबुजली. “काल तं त्यायनं भाजीत साखर टाकली मिठावानी. मी गुपचूप फेकून देली, साहेबायले सांगतलं नाई.” मग मेथीची पानं खुडत तिने सहज विचारलं, “ताईले महिन्याचे खाडे किती आहेत व?”

“काय?”

“खाडे. मले दोन आहेत महिन्याले, दिवाळीले साडी, आन् मायी पोरगी बिमार पडली तं येगळे. ताईले किती आहेत तिकडं?”

पेपरामागून भाऊजी गरजले, “अगं, ती काय कामाला जाते का? मुलीकडे जाते!”

“मीबी जातो नं साहेब मुलीकडं, खापरखेड्याले,” करिश्मा शांतपणे म्हणाली. “पन तिथं मी बसून खातो. पोरगी पानी आनून देते हातात.”

पेपर खाली आला नाही, पण पानही उलटलं गेलं नाही. मला करिश्माच्या गळ्यात पडावंसं वाटलं. त्याऐवजी मीही मेथी खुडायला बसले. अकरा वर्षं आम्ही सगळे तिच्याबद्दल “आमच्याकडे कामाला येते ती” असं म्हणतो. पण तिच्या येण्याजाण्याला दोन खाड्यांची मोकळीक आहे आणि तिने कधी कुणाला आपण भेटायला येतो असं सांगितलेलं नाही.

दुपारी ताई जागी झाली. पाच मिनिटं तिला कळेना की खिडकीबाहेर कडुलिंब का आहे. मी तिच्या केसांना तेल लावत बसले. लहानपणी ती मला लावायची.

“ताई, नाही म्हण,” मी म्हणाले. “मी तुला समजवायला गेले होते. आता उलटं समजावते. नाही म्हणून टाक.”

“कुणाला?”

“म्हणजे काय कुणाला? सानूला. भाऊजींना.”

“नाही म्हणायला समोरच्याने विचारायला लागतं गं,” ती म्हणाली. “यांनी तक्ता दाखवला, विचारलं नाही. सानूने अर्ज भरला, विचारलं नाही. तूसुद्धा मला काय म्हणायचं ते शिकवलंस, मंजू. मला काय म्हणायचंय ते नाही विचारलंस.” तेलाचा हात माझा तिथेच राहिला. “दोन वर्षांत मला रोज विचारतं कोण, तर ते यंत्र. बिचारं न चुकता विचारतं. प्रयोजन सांगावे.”

“आणि रेवा?”

तिने माझ्या हातून तेलाची वाटी काढून घेतली.

“त्या पोरीला वाटतं, आजी म्हणजे ठोकळे वेचणारी बाई. मला तिला एक गोष्ट पूर्ण सांगायची आहे, मंजू. राजा पोचेपर्यंत. जागेपणी.” मग ती उठली आणि वेणी घालायला लागली. “सांबारवड्या करायच्यात. अद्वैतला आवडतात.”

मला वाटलं, झालं. आणखी तीन वर्षं.

संध्याकाळी मी ताईला सोडायला निघाले, तर भाऊजीही विमानतळावर आमच्याबरोबर आले. नेहमी येत नाहीत, पण आज पास वाढवायचा होता, कागदपत्रांचं काम त्यांना विश्वासाचं वाटतं. रांगेत त्याच बायका, त्याच चपला, तेच डबे. चाफलेबाई आमच्या मागे होत्या. “आज मी डबा मांडीवर घेणार, काय करतात ते बघते,” असं त्या स्वतःलाच बजावत होत्या. काचेच्या खोलीतून एकामागून एक आवाज येत होते. भेट. भेट. भेट. कढईत मोहरी तडतडावी तसे.

ताईचा नंबर आला. ती काचेच्या आत गेली. दार बंद होत नाही, लोकांना गुदमरतं म्हणून, त्यामुळे पिवळ्या पट्टीबाहेरही सगळं ऐकू येतं.

“शुभदा विलास वैरागडे,” यंत्र म्हणालं. “आपल्या पासाची मुदत आज संपत आहे. पुढील तीन वर्षांसाठी प्रवासाचे प्रयोजन सांगावे. भेट किंवा काम.”

ताई यंत्राकडे बघत उभी राहिली.

“बोल गं,” भाऊजी पट्टीवरून वाकून म्हणाले. “लाइन लागलीय मागे.”

“प्रयोजन सांगावे,” यंत्र पुन्हा म्हणालं. त्याला घाई नव्हती. “भेट किंवा काम.”

ताईने मागे वळून पाहिलं. आधी माझ्याकडे. मी आयुष्यात शेकडो बायकांकडून तो एक शब्द घोकून घेतला, पण त्या क्षणी माझ्या ओठांवर तो आला नाही. मग तिने रांगेकडे पाहिलं. चाळीस बायका, चाळीस डबे. मग भाऊजींकडे.

“अगं म्हण ना,” ते म्हणाले. “एक शब्द आहे. तासाभराचं तर आहे!”

तिने दारातून हात बाहेर काढून सांबारवड्यांचा डबा त्यांच्या हातात दिला. भाऊजींनी तो घेतला, कुठे ठेवायचा ते न कळल्यासारखा दोन्ही हातांनी धरला. ताई पुन्हा यंत्राकडे वळली, पदर नीट केला. कुणीतरी आपुलकीने विचारपूस केल्यावर माणूस जसं सावरून बसतं, तशी.

“कामाला येते मी,” ती म्हणाली.